छत्रपती प्रतापसिंह आणि वसाहतवादाची मोजपट्टी

परकी सत्ता दिसली की तिला वसाहतवाद म्हणून मोकळे होण्याची प्रवृत्ती सर्रास आढळते. ‘स्थायिक वसाहतवाद’ ही संकल्पना त्यात एक भेद करते. ऑस्ट्रेलियन अभ्यासक पॅट्रिक वुल्फ यांच्या मांडणीनुसार, परके जेथे कायमच्या वस्तीसाठी येतात तेथे त्यांना मूळ रहिवाशांच्या श्रमांपेक्षा त्यांची जमीन हवी असते. साहजिकच रहिवाशांना हटविणे हा त्या व्यवस्थेचा स्थायीभाव ठरतो. ही मोजपट्टी सातारच्या छत्रपती प्रतापसिंहांच्या चरित्राला लावून पाहण्याजोगी आहे.

१७९३ मध्ये जन्मलेले प्रतापसिंह १८१८ च्या अष्टीच्या लढाईत पेशव्यांच्या ताब्यातून सुटले, ते इंग्रजांच्या हाती आले. पुढील वर्षीच्या तहाने त्यांना राज्य मिळाले, पण कंपनीचे अंकित म्हणून. त्या मर्यादेतही त्यांनी रस्ते बांधले, शाळा काढली, कारभाराला शिस्त लावली. १८३५ मध्ये कंपनीच्या संचालकांनी त्यांना सन्मानाची तलवार देण्याचे ठरविले. परंतु जहागिरींवरील हक्काचा वाद चिघळला आणि वारे फिरले. महाराजांवर कटाचे आरोप आले. दोष कबूल केल्यास गादी राहील, असे सुचविण्यात आले. त्यांनी बाणेदारपणे नकार दिला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून पुढे काशीस पाठविण्यात आले. रंगो बापूजी गुप्ते त्यांची फिर्याद घेऊन लंडनमध्ये वर्षानुवर्षे झगडले. तथापि १८४७ मध्ये महाराजांचा अंत काशीसच झाला. १८४८ मध्ये गादीवरील बंधू शहाजी वारले आणि डलहौसीने दत्तक नाकारून राज्य खालसा केले. शेजारचे सांगली संस्थान मात्र १९४८ पर्यंत टिकले.

साताऱ्यात राजा हटला, रयत हटली नाही. कंपनीला हवा होता सारा, आणि सारा भरण्यासाठी कृष्णाकाठचा कुणबी जागेवर असणे आवश्यक होते. १८३३ च्या सनदी कायद्याने युरोपियनांना येथे जमीन धारण करण्याची मोकळीक दिल्यावरही गोरा शेतकरी या मातीत नांदावयास आला नाही. १८२९ मध्ये खंडाळा गावाच्या बदल्यात महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेऊन इंग्रजांनी माल्कम पेठ वसविली खरी. पण तिचे प्रयोजन मुख्यतः हवापालटाचे होते.

तेव्हा ऑस्ट्रेलियाचे माप साताऱ्यास जसेच्या तसे बसत नाही. तरीही ते टाकाऊ नव्हे. जमीन कोणाची, तिच्यावर कोणाला राहू दिले आणि कशासाठी, हे प्रश्न तेच विचारावयास लावते. मात्र माप बसले नाही म्हणून अन्याय हलका ठरत नाही. रयत जागेवर राहिली ती कोणाच्या दयेने नव्हे, साऱ्यासाठी. राजाला घराबाहेर काढले गेले, कुणब्याला घरातच ठेवले गेले. पारतंत्र्य दोघांच्याही वाट्यास आले.