आजचं चिंतन : आचार्य नागार्जुन

आजचं वाचन मूलमध्यमककारिकेचं, प्रकरण २४. कर्ते आचार्य नागार्जुन, काळ साधारण इसवी सनाचं २ रं शतक.

तिबेटी परंपरा त्यांचा जन्म विदर्भातला मानते. पोर ७ वर्षंच जगेल, असं भाकीत होतं. त्याचा मृत्यू बघवणार नाही म्हणून आईवडिलांनी त्याला घराबाहेर धाडलं. तो नालंदेला पोचला, भिक्षू झाला, जगला. पुढे पाण्याखालच्या नागलोकातून त्यांनी प्रज्ञापारमितेचे ग्रंथ आणले, अशी कथा आहे.

मरण इतकं जवळून पाहिलेल्या या आचार्यांनी शून्यता शिकवली. शून्यता म्हणजे ‘काहीच नाही’ असं नव्हे. कुठलीच गोष्ट एकटी, स्वतःच्या बळावर उभी नसते, एवढंच. आमच्या कोडमध्येही प्रत्येक मॉड्यूल दुसऱ्या कशावर तरी टेकलेलं असतं.

नागपूरजवळ रामटेकला त्यांच्या नावाची टेकडी आहे, डोंगराच्या कुशीत अंबाळा तलाव आहे. रामभक्त गडमंदिराची वाट धरतात, बौद्ध उपासक नागार्जुनांची. पाणी मात्र दोघांना एकच.

आज झोपण्याआधी एवढंच करा : आपण कुणाकुणाच्या आधाराने उभे आहोत, ती नावं मनात घ्या. त्यातलं एखादं माणूस कायम असणार नाही, हेही आठवा. मग त्याला फोन करा.