सँडो बनियन ज्याच्या नावावरून आलं, त्या सँडोने जगाला व्यायाम कसा शिकवला?

होजिअरीच्या दुकानात सँडो मागितलं की दुकानदार बिनबाह्यांचं बनियन पुढे करतो. पण सँडो हे नाव आलं एका माणसावरून. युजेन सँडो. सव्वाशे वर्षांपूर्वी तो जगातल्या सर्वात प्रसिद्ध माणसांपैकी एक होता. आज घरोघरी डंबेल दिसतात, त्यामागेही त्याचा मोठा हात आहे.

सैन्य टाळलं, सर्कस गाठली

सँडोचा जन्म २ एप्रिल १८६७ रोजी प्रशियातल्या कोनिग्सबर्ग शहरात झाला. हे शहर आता रशियात आहे आणि त्याचं नाव कॅलिनिनग्राड. सँडोचं खरं नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर. लहानपणी आपण अशक्त होतो आणि इटलीतले प्राचीन पुतळे पाहून शरीर कमवायचं ठरवलं, असं तो पुढे सांगायचा. ही गोष्ट त्याच्या धंद्याला सोयीची होती, त्यामुळे ती जपूनच घ्यावी.

सक्तीची लष्करी सेवा टाळण्यासाठी त्याने तरुणपणीच देश सोडला, नाव बदललं आणि सर्कशीत कसरती केल्या. बेल्जियममधल्या ब्रुसेल्समध्ये त्याला लुई अटिला नावाचा उस्ताद भेटला. अटिलाने त्याच्याकडून हलक्या डंबेलबरोबर जड बारबेलचाही सराव करून घेतला. सँडोची खरी जडणघडण इथेच झाली.

एका रात्रीत नाव झालं

त्या काळी लंडनमध्ये सॅम्पसन नावाचा पहिलवान रंगमंचावरून प्रेक्षकांना आव्हान द्यायचा. त्याला हरवणाऱ्याला बक्षीस होतं. २ नोव्हेंबर १८८९ रोजी सँडोने ते आव्हान स्वीकारलं आणि सॅम्पसनला मात दिली. दुसऱ्या दिवसापासून लंडनभर त्याचीच चर्चा होती.

१८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे फ्लोरेन्झ झिगफेल्ड या तरुण निर्मात्याने सँडोचे खेळ लावले. सँडो किती वजन उचलतो यापेक्षा त्याचे स्नायू पाहण्यात लोकांना जास्त रस आहे, हे झिगफेल्डने हेरलं आणि शरीरप्रदर्शन हाच खेळाचा मुख्य भाग केला. पुढच्याच वर्षी एडिसनच्या स्टुडिओत सँडोचं चित्रीकरण झालं. ती काही सेकंदांची फिल्म आजही पाहता येते.

ताकद जन्मजात नसते

इथवर सँडो हा फक्त तमाशाचा विषय होता. तोवर सामान्य लोकांचा समज असा की ताकदवान माणूस तसाच जन्माला येतो, इतरांनी तिकीट काढून त्याला बघावं. सँडोने या समजालाच धक्का दिला.

१८९७ साली त्याने ताकद कशी मिळवावी यावर पुस्तक लिहिलं आणि लंडनमध्ये व्यायामसंस्था काढली. पुढच्या वर्षी मासिकही सुरू केलं. पुस्तकात वयानुसार तक्ते होते. कोणी किती पौंडांच्या डंबेलने सुरुवात करायची, कोणता व्यायाम किती वेळा करायचा आणि किती दिवसांनी संख्या वाढवायची, हे सगळं त्यात दिलेलं होतं. कारकून, दुकानात काम करणारे, बायका, मुलं अशा सगळ्यांना घरच्या घरी, थोड्या वेळात करता येईल असा हा व्यायाम होता. पोस्टानेही तो शिकवला जायचा.

१४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा घेतली. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल तिथे परीक्षक होते. नुसत्या फुगलेल्या दंडांना तिथे किंमत नव्हती. सगळं शरीर प्रमाणात आहे का, प्रकृती कशी आहे, हेही पाहिलं गेलं. विजेत्याला सँडोचीच मूर्ती देण्यात आली. आज मिस्टर ऑलिम्पियाच्या विजेत्याला मिळणारी मूर्तीही सँडोचीच असते.

सँडो भारतात

१९०४-०५ मध्ये सँडो भारतात आला. कलकत्ता, मुंबईत त्याचे खेळ झाले. भारताला व्यायाम नवा नव्हता. महाराष्ट्रातल्या तालमींत जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. पण इंग्रज राज्यकर्ते भारतीयांना दुबळं म्हणून हिणवत असताना, शरीर कमावता येतं हे सांगणारा माणूस इथल्या तरुणांना आपलासा वाटला. पुढे सँडो ही पदवीच झाली. ‘हाथी मेरे साथी’चे निर्माते चिन्नप्पा थेवर यांच्या नावाआधीही सँडो लागायचं, कारण तेही व्यायामपटू होते.

दावे मोठे, शेवट साधा

१९११ साली राजे पंचम जॉर्ज यांनी सँडोला आपला व्यायामशिक्षक नेमलं. पण धंदा वाढला तसे दावेही फुगले. व्यायामाने जवळपास सगळे आजार बरे होतात, असं तो सांगू लागला. कोको पावडरपासून कॉर्सेटपर्यंत सगळं त्याच्या नावाने विकलं जायचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याचा कोकोचा धंदा बुडाला. १४ ऑक्टोबर १९२५ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, महाधमनीच्या विकाराने त्याचा मृत्यू झाला. लंडनमधल्या त्याच्या कबरीवर कित्येक दशकं नावही नव्हतं.

त्याच्याकडून आज काय घ्यावं?

सँडो स्वतः घडला तो जड वजनांवर, पण लोकांना त्याने विकले मुख्यतः हलके डंबेल. ही त्याच्या पद्धतीतली मोठी उणीव. हलक्या वजनाने सुरुवात छान होते, पण शरीराला त्याची सवय झाली की प्रगती थांबते. म्हणून हळूहळू वजनही वाढवावं लागतं.

त्याचा मूळ मुद्दा मात्र टिकला. वय वाढतं तसे स्नायू कमी होतात आणि हाडं ठिसूळ होतात. वजनाचा व्यायाम हे दोन्ही रोखायला मदत करतो. स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे मधुमेहातही त्याचा फायदा होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा असा व्यायाम करायला सांगते.

सुरुवात करायला जिम लागतेच असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं एवढं पुरतं. प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा करावा. शेवटचे दोन-तीन जड वाटावेत, पण ढब बिघडू नये. श्वास रोखून धरू नये. मध्ये एखादा दिवस विश्रांती घ्यावी. १२ वेळा सहज जमू लागलं की वजन थोडं वाढवावं. हृदयविकार, रक्तदाब किंवा सांध्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि सँडोच्या तक्त्यांसारखी एक वही ठेवावी. आज किती केलं ते लिहिलं की पुढच्या वेळी किती करायचं ते आपोआप कळतं.