सातारचा कमिशनर आणि सिंधचे अर्ध्या आण्याचे तिकीट

नेदरलँड्समधील बाडहूव्हडॉर्प हे गाव शिपोल विमानतळाला अगदी खेटून आहे. तेथे राहणाऱ्या मराठी मंडळींच्या पायाखालची जमीन एके काळी सरोवराचा तळ होती, हे नव्याने आलेल्यांना सांगितले तर खरे वाटत नाही. हार्लेमरमेर या सरोवराचे सुमारे १८,००० हेक्टरांवरचे पाणी वाफेच्या पंपांनी उपसण्यात आले आणि १ जुलै १८५२ रोजी तळ उघडा पडला.

नेमक्या त्याच दिवशी सिंध प्रांतात आशियातील पहिले चिकटवायचे टपाल तिकीट चालू झाले. जुनी पाकिटे आणि टपालाचे शिक्के जमविणाऱ्यांना ही तारीख तोंडपाठ असते. हॉलंडची पहिली तिकिटेही त्याच वर्षीची, १ जानेवारीची. म्हणजे या गावी राहून संग्रह करणाऱ्याला १८५२ साल दोन्हीकडून जवळचे. सिंधचे तिकीट काढणारा अधिकारी मात्र आपल्या सातारकरांच्या चांगल्याच ओळखीचा होता. तो म्हणजे सर हेन्री बार्टल एडवर्ड फ्रिअर.

फ्रिअरचा जन्म २९ मार्च १८१५ रोजी वेल्समध्ये झाला. कंपनीच्या नोकरीत मुंबई इलाखा मिळाल्यावर १८३४ मध्ये हा एकोणीस वर्षांचा तरुण आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या नेहमीच्या जहाजाने न येता माल्टा आणि इजिप्तमार्गे निघाला. माल्टाला चुलत्याकडे राहून तो अरबी शिकला, तांबड्या समुद्रातून उघड्या होडीने मोखा बंदर गाठले आणि तेथून यात्रेकरूंच्या जहाजाने मुंबईस उतरला. पुढे इंग्लंडची डाक याच इजिप्तच्या वाटेने येऊ लागली, आणि आज त्या वाटेचे शिक्के असलेल्या पाकिटांना संग्राहक भारी मोल देतात. १८३५ मध्ये तो पुण्यास असिस्टंट कलेक्टर झाला. नंतर गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांचा खासगी चिटणीस आणि त्यांचा जावईही.

१८४७ च्या सुमारास तो साताऱ्याचा रेसिडेंट झाला. येथे त्याची खरी परीक्षा झाली. एप्रिल १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. फ्रिअरने दत्तकाचा हक्क मान्य करावा असे वरिष्ठांना स्पष्ट लिहिले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचेही मत तेच होते. डलहौसीने ते मानले नाही आणि राज्य खालसा केले. मग १८४९ मध्ये त्याच संस्थानचा कमिशनर म्हणून कारभार कोणी हाती घेतला? फ्रिअरनेच! राजीनामा द्यावा असे त्याला वाटले नाही. मत कागदावर नोंदवायचे आणि हुकूम बजावायचा, ही कंपनीच्या नोकरीची रीत. सातारकरांनी त्या कागदाला काय करावे?

१८५० मध्ये तो सिंधचा कमिशनर होऊन कराचीस गेला. तेथे टपाल पायी हरकाऱ्यांच्या भरवशावर चाले. फ्रिअरने महत्त्वाच्या वाटांवर घोडे आणि उंट लावले, आणि इंग्लंडच्या १८४० च्या धर्तीवर आधीच दाम घेणारे अर्ध्या आण्याचे तिकीट काढले. पत्र प्रांतात कोठेही जावो, दर एकच. एरवी हिंदुस्थानात अंतर पाहून पैसे पडत, हे लक्षात घेतले म्हणजे या सुधारणेचे महत्त्व कळते.

तिकीट गोल, उठावाच्या ठशाचे. भोवती सिंधच्या जिल्हा डाकेचे नाव, मध्ये हृदयाच्या आकाराची कंपनीची खूण. तांबडे तिकीट लाखेच्या पातळ टिकलीवर उठविलेले असल्याने वाटेत तडकून त्याचे तुकडे होत. पांढऱ्या कागदावरचा पांढरा ठसा संध्याकाळच्या उजेडात दिसेना, म्हणून पुढे निळे काढले. १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व हिंदुस्थानास एकच तिकिटे आणि अंतराचा विचार न करणारे दर लागू झाले, तेव्हा सिंधची तिकिटे बंद होऊन शिल्लक साठा नष्ट करण्यात आला. तांबडी आज फारच थोडी उरली आहेत. त्यांतही पाकिटावर जशीच्या तशी राहिलेली म्हणजे भाग्यच. पूर्वी तिकीट कापून पाकीट फेकून देण्याची खोड होती; त्यात पत्र कोठून निघाले, कोणत्या वाटेने गेले, किती दिवसांनी पोहोचले, ही सारी हकीगत केरात गेली.

१८६२ ते १८६७ फ्रिअर मुंबईचा गव्हर्नर होता. फोर्टचे तट पाडले गेले ते त्याच्या कारकिर्दीत, आणि शेअरबाजाराच्या १८६५ च्या पडझडीत बँक ऑफ बॉम्बे बुडू लागल्याचा ठपकाही त्याच्यावर आला. गणेशखिंडीतील गव्हर्नरचा बंगला, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, त्यानेच बांधावयास घेतली. खर्चावरून विलायतेत ओरड झाली. असो.

१८७७ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत हायकमिशनर म्हणून गेला. लंडनपासून केपपर्यंत तारायंत्र अजून जोडलेले नव्हते. पत्र जहाजाने जाई, त्याला आठवडेच्या आठवडे लागत. मंत्र्यांना झुलूंशी युद्ध नको होते, पण त्यांची नकाराची पत्रे समुद्रातच होती तेव्हा डिसेंबर १८७८ मध्ये फ्रिअरने झुलू राजा सेटेवायोला निर्वाणीचा खलिता धाडला. जानेवारीत युद्ध पेटले, इसांडल्वाना येथे इंग्रज फौजेची दाणादाण झाली, आणि अखेर झुलूंचे राज्य मोडले. साताऱ्यात न पटलेला हुकूम मुकाट्याने बजावणारा हा गृहस्थ तेथे हुकुमाची वाटही पाहत नाही. ज्याने सिंधची डाक जलद केली त्याला आफ्रिकेत डाकेची दिरंगाई सोयीची झाली.

सरकारने कानउघाडणी केली, १८८० मध्ये परत बोलाविले. २९ मे १८८४ रोजी विंबल्डन येथे त्याचे निधन झाले. सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्याला पुरले. कराचीत फ्रिअर हॉल उभा आहे. मुंबईचा फ्रिअर रोड आता पी. डिमेलो मार्ग झाला. पाकिस्तानने १९५२ मध्ये सिंधच्या डाकेच्या शंभरीची खास तिकिटे काढली. मूळच्या त्या लहानशा तिकिटावर मात्र ना राणीचे चित्र आहे, ना फ्रिअरचे नाव.