पालवणकर बाळू

चिकलठाण्याच्या मैदानावर चेंडू हाती घेणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस पालवणकर बाळू (१८७६–१९५५) यांचे चरित्र ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते. पुण्याच्या जिमखान्यात दरमहा चार रुपयांवर ते मैदान झाडीत, रोलर ओढीत आणि गोऱ्या साहेबांस तासन्‌तास गोलंदाजी टाकीत. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांस खेळावयास घेतले. परंतु चर्मकार म्हणून चहा मात्र निराळा, बाहेर, मातीच्या भांड्यात! १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळविले. तरीही हिंदू संघाच्या कर्णधारपदी त्यांची निवड कधीच झाली नाही. तो मान १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस लाभला. शाळेचे मैदान झाडणाऱ्या गड्यास हाक मारताना बालमित्रांनी हे चरित्र स्मरावे.