विझणाऱ्या सुराला श्वास

पियानोचे एक दुखणे आहे. पट्टी दाबली, हातोडी तारेवर पडली, की त्या क्षणापासून सूर विझू लागतो. वादकाला तो मागाहून फुगवता येत नाही. मोरिस रॅव्हेल या फ्रेंच संगीतकाराने १८९९ साली, चोवीस वर्षांचा असताना, एकट्या पियानोसाठी ‘दिवंगत राजकन्येसाठी पाव्हान’ लिहिली. तिची अर्धी उदासी या विझण्यातच आहे.

पाव्हान म्हणजे जुन्या दरबारांतले संथ नृत्य. राजकन्या कोणती, हे विचारू नये. कोणी वारले नव्हते. फ्रेंच शब्दांचा नाद आवडला, एवढेच. मात्र स्पेन त्याच्या रक्तात होता. सीमेलगतच्या सिबूर गावी १८७५ साली तो जन्मला, बास्क आईची स्पॅनिश गाणी ऐकत वाढला.

१९१० साली त्याने हीच रचना वाद्यवृंदासाठी लिहिली. एका वहीतली नोंद दुसऱ्या वहीत उतरवण्याचे काम, असे कोणाला वाटेल. उभा जन्म बँकेत तेच केलेला माणूस सांगतो, की हे ते नव्हे. रॅव्हेलने सुरुवातीची धून हॉर्नला दिली. हॉर्न माणसाच्या फुंकरीवर चालतो. तिथे सूर विझत नाही, धरला जातो, आणि तो धरून ठेवण्यातले कष्ट कानाला कळतात. बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, बसून, एक हार्प, तारवाद्ये. ट्रम्पेट नाही, ढोल नाही. दुःख मोठे झाले, पण त्याचा आवाज वाढला नाही.

गंमत म्हणजे दोनच वर्षांनी त्याने या रचनेवर स्वतःच कोरडे ओढले. बांधणी कच्ची, शाब्रिए या संगीतकाराची छाप फार! लोकांनी ते मनावर घेतले नाही.

पुढे महायुद्धात त्याने लष्करी ट्रक चालवला. १९१७ साली आई गेली. १९२२ साली मुसोर्गस्कीच्या पियानोवरील ‘चित्रां’ना त्याने वाद्यवृंदाचे रंग दिले आणि या कामात त्याच्या तोडीचा कोणी नाही, हे जगाने मान्य केले.

आणि १९३३ च्या सुमारास त्याच माणसाचा हात थांबला. मेंदूच्या विकाराने साधे पत्र लिहायला त्याला दिवस लागू लागले. जोन ऑफ आर्कवरचा ऑपेरा डोक्यात घोळत होता. कान शाबूत होता. पियानो जरासा उतरला तरी तो ओळखी. कागदावर मात्र काही उतरेना. डिसेंबर १९३७ मध्ये पॅरिसला मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. २८ तारखेला तो गेला. ऑपेरा त्याच्याबरोबरच गेला.