सर जॉन चार्न्ली

चालताना, बसताना, जिना चढताना आपल्याला आपल्या सांध्यांची आठवणही होत नाही. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते, आणि त्यामुळे सांधे सहज हलतात. परंतु हे आवरण झिजले, म्हणजे हाडावर हाड घासू लागते आणि प्रत्येक पाऊल वेदनामय होते. अशा असंख्य पंगू माणसांना पुन्हा चालते करण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते, त्यांत सर जॉन चार्न्ली यांचे स्थान फार वरचे आहे.

चार्न्ली यांचा जन्म 29 ऑगस्ट 1911 रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील बरी या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते व आई परिचारिका होती. मँचेस्टर येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन 1935 साली ते पदवीधर झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्याच्या वैद्यकीय दलात काम केले. ईजिप्तमध्ये असताना जखमी सैनिकांसाठी लागणारी उपकरणे कारखान्यात तयार करवून घेण्याचा अनुभव त्यांना मिळाला. शल्यविशारदाची विद्या आणि यंत्रकाराची दृष्टी यांचा संगम त्यांच्या ठिकाणी झाला तो असा.

त्या काळी खुब्याच्या झिजलेल्या हाडाचे डोके काढून तेथे ॲक्रिलिकचा गोळा बसवीत असत. असा गोळा बसविलेला एक रुग्ण चार्न्ली यांच्याकडे आला. हालचाल करताना त्याचा सांधा एवढा करकरे, की त्याची पत्नी त्या आवाजाने त्रासून जाई. पुढे काही दिवसांनी आवाज थांबतो, असेही दिसून येई. दुसऱ्या कोणी हे सुधारणेचे लक्षण मानले असते. चार्न्ली यांनी मात्र निराळेच अनुमान काढले. खोबणीत होणारे घर्षण इतके मोठे असावे, की त्यामुळे गोळा हाडातूनच सैल होत असावा. तेव्हा सांधा टिकावयाचा असेल, तर घर्षण कमी केलेच पाहिजे, असे त्यांनी ठरविले.

लँकेशायरमधील राइटिंग्टन रुग्णालयात त्यांनी प्रयोग आरंभिले. चाकाचा आस बारीक असला की चाक हलके फिरते. याच न्यायाने त्यांनी पोलादी गोळ्याचा व्यास सुमारे 22 मिलिमीटर एवढाच ठेवला. खोबणीसाठी त्यांनी टेफ्लॉन हा अतिशय गुळगुळीत पदार्थ निवडला. दंतवैद्यकात वापरला जाणारा ॲक्रिलिकचा लुकण हाडात भरून हे भाग त्यांनी पक्के बसविले. खाटेला खिळलेले रुग्ण चालू लागले. सर्वत्र आनंद झाला.

परंतु हा आनंद अल्पकाळच टिकला. दोनतीन वर्षांतच टेफ्लॉनच्या खोबण्या झिजून गेल्या. झिजलेल्या कणांमुळे भोवतालच्या मांसात दाह उत्पन्न झाला आणि सांधे सैल झाले. सुमारे 300 रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झालेली होती. चार्न्ली यांना आपली चूक फार लागली. तथापि त्यांनी ती लपविली नाही, की रुग्णांकडे पाठ फिरविली नाही. बसविलेले सांधे पुन्हा काढण्याचे कष्टाचे काम त्यांनी स्वतः पत्करले.

1962 साली एक विक्रेता त्यांच्या प्रयोगशाळेत आला. कापडगिरण्यांतील मागांची दंतचक्रे ज्या चिवट पॉलिथिनची करीत, त्याचा नमुना त्याने आणला होता. चार्न्ली यांना तो निरुपयोगी वाटला. पण हॅरी क्रेव्हन या त्यांच्या तंत्रज्ञाने चार्न्ली परगावी गेले असता तो झीज मोजण्याच्या यंत्रावर चढविला. अनेक दिवस यंत्र चालूनही नमुना जेमतेम झिजला होता. परत आल्यावर चार्न्ली यांनी आपले मत तत्काळ बदलले. त्याच सुमारास त्यांनी टेफ्लॉन व पॉलिथिन यांचे कण स्वतःच्या मांडीत घालून त्यांचा परिणाम पाहिला. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या. पॉलिथिनने तसा उपद्रव दिला नाही. नोव्हेंबर 1962 मध्ये या नव्या खोबणीचा उपयोग सुरू झाला. परंतु आता त्यांनी घाई केली नाही. काही वर्षांचा अनुभव पदरी पडेपर्यंत ही साधने त्यांनी सर्वांसाठी खुली केली नाहीत.

जखमेत जंतू शिरू नयेत, म्हणून त्यांनी शस्त्रक्रियेच्या जागी गाळलेली शुद्ध हवा खेळविण्याची योजना केली. गुडघ्याचा प्रश्न खुब्याहून बिकट होता. तेथे मांडीचे हाड नडगीवर घरंगळते व घसरतेही, म्हणून साध्या बिजागरीसारखे कृत्रिम गुडघे लवकर सैल होत. राइटिंग्टन येथेच काम करणाऱ्या फ्रँक गन्स्टन या कॅनडाच्या शल्यविशारदाने 1968 साली धातू, पॉलिथिन व लुकण यांच्याच आधारे नैसर्गिक हालचालीस अनुसरणारा गुडघा तयार केला.

1975 साली रॉयल सोसायटीने चार्न्ली यांना सदस्यत्व दिले, आणि 1977 साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. 5 ऑगस्ट 1982 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पॉलिथिनमध्ये पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या. त्याचेही सूक्ष्म कण कालांतराने हाडाची हानी करतात, हे नंतर कळून आले. तरीही खुब्याच्या व गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांत तोच पदार्थ आजही वापरला जातो. आपली चूक मोकळ्या मनाने पाहणे व ती दुरुस्त होईपर्यंत स्वस्थ न बसणे, हाच चार्न्ली यांच्या चरित्राचा खरा बोध होय.