उष्णतेचा हिशेबनीस : विल्बर ॲटवॉटर

विल्बर ऑलिन ॲटवॉटर यांचा जन्म ३ मे १८४४ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील जॉन्सबर्ग येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १८६९ साली त्यांनी येल येथे डॉक्टरेट मिळविली. विषय होता आपल्या खानदेशातही पिकणारा मका. पुढे जर्मनीत शिकून ते मिडलटाउनच्या वेस्लियन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

माणूस खातो किती आणि खर्च करतो किती, हा हिशेब त्यांना अंदाजावर सोडायचा नव्हता. रोझा या पदार्थवैज्ञानिकाच्या साहाय्याने त्यांनी तांबे-जस्ताच्या भिंतींची बंद खोली उभारली. माणूस तीत काही दिवस राही, जेवी, झोपे, जागच्या जागी सायकल चालवी. त्याच्या अंगची उष्णता नळ्यांतून वाहणारे पाणी उचली व ती मोजली जाई. अन्नाचा आणि उष्णतेचा हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळला. पिष्ट व प्रथिने यांच्या ग्रॅमला ४ आणि स्निग्धाच्या ग्रॅमला ९ कॅलरी, हे सर्वतोमुखी झालेले आकडे त्यांच्याच खटपटीचे फळ. १९०४ मध्ये पक्षाघाताने त्यांचे काम थांबले. २२ सप्टेंबर १९०७ रोजी ते निवर्तले.

आज जळगावच्या मेहरुण तलावाकाठी किंवा धुळ्याच्या मैदानावर वजन उतरविण्यासाठी चालणारे मनगटावरच्या घड्याळात कॅलरी पाहतात. घड्याळ उष्णता मोजीत नाही. नाडी, हालचाल व वजन यांवरून अंदाज बांधते. २०१७ साली स्टॅनफर्ड येथे तपासलेल्या सात यंत्रांपैकी सर्वांत बरे यंत्रही सरासरी २७ टक्के चुकले. त्या आकड्याच्या भरवशावर जादा जिलेबी खाल्ली, तर श्रम पाण्यात जातात. चालणे सोडू नये. मात्र खरा जमाखर्च महिन्याकाठी वजनकाट्यालाच विचारावा.